न दिसणे आणि नसणे

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांचे १८४४ च्या जुलै महिन्यात मँचेस्टर येथे निधन झाले. अणुसिद्धांतामुळे त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांना काही रंग इतरांसारखे दिसत नसत, ही गोष्ट त्या मानाने कमी ठाऊक असते. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे त्यांनी आपल्या या वेगळ्या रंगदृष्टीवर एक निबंध वाचला होता. जिरेनियमचे गुलाबी फूल आपल्याला दिवसा आकाशासारखे निळे दिसते आणि मेणबत्तीच्या उजेडात मात्र त्यात निळ्याचा मागमूसही राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांच्या भावाचाही अनुभव तसाच होता. यावरून त्यांनी अनुमान बांधले, की आपल्या डोळ्यांतील काचद्रव निळसर असला पाहिजे आणि तो तांबडा प्रकाश शोषून घेत असला पाहिजे. अनुमान खरे की खोटे हे ठरावे म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती.

जोसेफ रॅन्सम या वैद्यांनी ती पाळली. काचद्रव स्वच्छ निघाला. डाल्टन यांचे अनुमान तेथेच कोसळले. पण डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरमध्ये जपून ठेवले गेले आणि १९९५ मध्ये त्यांतील डीएनएची तपासणी झाली. तेव्हा कळले, की मध्यम तरंगलांबीच्या, म्हणजे ढोबळमानाने हिरव्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देणारे रंजकद्रव्य तयार करणारे जनुक डाल्टन यांच्याकडे नव्हते. उणीव होती, पण ती काचद्रवात नव्हती. त्यामागच्या दृष्टिपटलात होती. तिचा पत्ता लागायला माणूस मरावा लागला आणि नंतर आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

डोळ्यातील एखादी सूक्ष्म उणीव माणूस जिवंत असताना, त्याच्या डोळ्याला धक्का न लावता पाहता येईल का, या प्रश्नाचा इतिहास आम्हाला येथे सांगायचा आहे. हा इतिहास उपकरणांचा आहेच. पण त्याच्या आत दुसरा, काहीसा तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट दिसली नाही, तर ती नाही असे केव्हा म्हणावे? दुर्मीळ नेत्रविकारांच्या रुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाच्या उत्तरावर उपचार करायचा की नाही, हे ठरू शकते.

प्रथम दृष्टिपटलाची थोडी ओळख करून घेऊ. डोळ्याच्या मागच्या भिंतीवरील या पातळ पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. शंकुपेशी दिवसाच्या उजेडात काम करतात आणि रंग व बारकावे त्यांच्यामुळे कळतात. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ माक्स शुल्ट्झ यांनी १८६६ मध्ये ही विभागणी मांडली. पुढे १९३५ मध्ये डेन्मार्कचे ऑस्टरबर्ग यांनी मानवी दृष्टिपटलावरील या पेशींची पद्धतशीर मोजणी केली आणि १९९० मध्ये अमेरिकेत क्रिस्टीन कुर्सियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अधिक काटेकोरपणे पुन्हा केली. त्यांच्या हिशेबाने एका डोळ्यात सरासरी ४६ लाख शंकू आणि ९ कोटी २० लाख दंड असतात. नजर जेथे रोखली जाते त्या मध्यावरच्या खळग्यात शंकूंची दाटी सर्वांत जास्त, सरासरीने प्रति चौरस मिलिमीटर १ लाख ९९ हजार इतकी असते. यातही माणसामाणसांत तिपटीहून अधिक फरक आढळला. ही सगळी मोजदाद मृतांच्या डोळ्यांवर झालेली होती. ज्याचे शंकू मोजले त्याला काय दिसत होते हे विचारायची सोय नव्हती, आणि ज्याला विचारता येई त्याचे शंकू मोजायची सोय नव्हती.

जिवंत डोळ्याच्या आत डोकावण्याचे साधन मात्र शुल्ट्झ यांच्याही आधी आलेले होते. क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असलेले हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यापूर्वी, १८४७ मध्ये, गणकयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांनी असेच एक उपकरण बनवून लंडनचे नेत्रवैद्य वॉर्टन जोन्स यांना दाखवले होते. पण जोन्स यांना त्याचे महत्त्व उमगले नाही आणि श्रेय हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेले. नेत्रदर्शकामुळे रक्तवाहिन्या दिसू लागल्या, दृष्टिचेतेचे मुख दिसू लागले, रक्तस्राव आणि डाग दिसू लागले. नेत्रवैद्यकाचे रूपच पालटले. तरीही पेशी दिसत नव्हत्या. मध्यावरचा शंकू जेमतेम दोन ते तीन सहस्रांश मिलिमीटर रुंद असतो. तो दिसण्याआड खुद्द डोळाच येत होता.

दृष्टिपटलाकडे पाहायचे तर पारपटल आणि नेत्रभिंग यांच्यातूनच पाहावे लागते आणि ही दोन्ही भिंगे काही कारागिराने घासूनपुसून नेमकी केलेली नसतात. त्यांचे पृष्ठभाग किंचित वाकडेतिकडे असतात. प्रत्येकाच्या डोळ्याचा वाकडेपणा निराळा असतो, आणि चष्म्याच्या नंबराने जातो तो दोष या वाकडेपणाचा केवळ मोठा भाग असतो. हेल्महोल्ट्झ यांनी याबद्दल थट्टेने म्हटले होते, की एखाद्या कारागिराने इतके दोष असलेले उपकरण विकले, तर ते परत करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार राहील. त्यात एक पेचही आहे. बाहुली लहान ठेवली तर भिंगाचे दोष कमी जाणवतात. पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्र पसरट होते. बाहुली औषधाने मोठी केली तर विवर्तन कमी होते. पण मग भिंगाच्या कडांचे सगळे दोष चित्रात उतरतात. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी ही अवस्था होती. १९९६ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील डोनाल्ड मिलर आणि सहकाऱ्यांनी निवडक डोळ्यांत चष्म्याचा दोष कसोशीने घालवून जिवंत माणसाचे शंकू टिपले खरे. परंतु ही वाट फार पुढे जाणारी नव्हती.

पुढची वाट आकाशाकडून आली. खगोलशास्त्रज्ञांची अडचण अगदी अशीच होती. त्यांच्या दुर्बिणी उत्तम होत्या, पण वर सतत हलणारे वातावरण होते. तारा लुकलुकतो म्हणून कवी सुखावतो आणि ज्योतिर्विद वैतागतो. १९५३ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी एक युक्ती सुचवली. वातावरणाने प्रकाशाच्या तरंगाग्राला कसे वेडेवाकडे केले हे क्षणोक्षणी मोजावे आणि आरशाचा पृष्ठभाग त्याच्या नेमका उलट वाकवावा. एक वाकडेपणा दुसऱ्याने फिटेल. बॅबकॉक यांच्या कल्पनेत आरशावर तेलाचा पातळ थर होता. तशी यंत्रणा तेव्हा उभी राहिली नाही. पुढे अमेरिकी लष्कराला परकीय उपग्रहांची स्पष्ट छायाचित्रे हवी होती, म्हणून १९७० च्या दशकात या कल्पनेवर पैसा ओतला गेला. त्यातील बरेच काम गुप्त राहिले आणि १९९१ मध्ये त्यावरील पडदा बव्हंशी उठला. दरम्यान युरोपातील खगोलशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत असा लवचीक आरसा दुर्बिणीला जोडून दाखवला होता. या तंत्राला अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स असे नाव आहे. मराठी वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते, की मानवी हस्तक्षेपाविना चालणारी रोबो-एओ ही अशीच यंत्रणा कॅलटेक आणि पुण्याची आयुका यांच्या सहकार्यातून उभी राहिली आणि २०११ मध्ये पालोमार येथील दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसवली गेली.

डोळ्याकडे हे तंत्र वळवायचे तर आधी डोळ्याचा वाकडेपणा मोजता यायला हवा होता. तो मोजता येतो आणि मोजला तर माणसागणिक वेगळे भिंगही करता येईल, हे सोव्हिएत संशोधक स्मिर्नोव्ह यांनी १९६१ मध्ये म्हटले होते; पण त्यांच्या पद्धतीत आकडेमोड फार होती. सोपी पद्धत पुन्हा दुर्बिणीच्या परिसरातच सापडली. पॉट्सडॅमचे हार्टमान यांनी १९०० च्या सुमारास दुर्बिणीची भिंगे तपासण्यासाठी छिद्रांचा पडदा वापरला होता. १९७१ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील रोलंड शॅक आणि बेन प्लॅट यांनी छिद्रांच्या जागी इवल्या इवल्या भिंगांची जाळी बसवली. प्रत्येक भिंगाचा ठिपका जागेवरून किती सरकला हे पाहिले, की तरंगाग्र कोठे किती झुकले ते कळते. हायडेलबर्ग येथे योझेफ बिले यांच्या गटाने हे साधन डोळ्याकडे आणले आणि १९९४ मध्ये जुन्झोंग लियांग व सहकाऱ्यांनी त्याने जिवंत डोळ्याचे मापन करून दाखवले. लियांग तेथून रॉचेस्टरला डेव्हिड विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. १९९७ मध्ये लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी ३७ ठिकाणी मागेपुढे ढकलता येणारा आरसा वापरून डोळ्याचे दोष फेडले आणि दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले. त्यात शंकू एकेक करून मोजता येत होते. २००२ मध्ये ऑस्टिन रुर्डा आणि सहकाऱ्यांनी हेच तंत्र लेसरच्या किरणाने दृष्टिपटल विंचरून काढणाऱ्या यंत्राला जोडले; आता चित्रे सलग, चलच्चित्रासारखी मिळू लागली.

नव्या साधनाने पहिली मोठी भर घातली ती निरोगी डोळ्याच्या ज्ञानात. रंगाच्या ज्ञानाला तीन प्रकारची ग्रहणस्थाने पुरतात, असे टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुचवले होते. ती तीन स्थाने जिवंत माणसाच्या डोळ्यात कशी मांडलेली असतात, हे १९९९ मध्ये रुर्डा आणि विल्यम्स यांनी दाखवले. डोळा अंधारात ठेवायचा, मग ठरावीक रंगाच्या प्रकाशाने त्यातील रंजकद्रव्य विरवायचे आणि कोणत्या शंकूच्या परावर्तनात फरक पडला ते पाहायचे, अशी ही रीत होती. दोन माणसांचे डोळे पाहिले. एकात दीर्घ तरंगलांबीच्या शंकूंचे मध्यम तरंगलांबीच्या शंकूंशी प्रमाण जवळजवळ चारास एक, तर दुसऱ्यात जवळजवळ समसमान निघाले. तरीही दोघांची रंगदृष्टी सामान्य होती. २००५ मध्ये हाइडी होफर आणि सहकाऱ्यांनी आणखी डोळे तपासले, तेव्हा हे प्रमाण १.१ पासून १६.५ पर्यंत पसरलेले आढळले. निरोगी म्हणावा असा कोणताही एक नमुना नाही, हे यातून कळले. पुढे रोगी डोळ्यांविषयी निर्णय देताना हे विसरून चालणार नव्हते.

२००४ मध्ये जोसेफ कॅरोल, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तांबड्या-हिरव्यात फरक न कळणाऱ्या माणसांचे दृष्टिपटल पाहिले. एकाच्या दृष्टिपटलात शंकूंची वीण अखंड होती. दुसऱ्याच्या विणीत मात्र जागोजाग काळ्या खिडक्या पडलेल्या होत्या. त्याचे एक रंजकद्रव्य सदोष होते आणि ते ज्यांत असायचे ते शंकू कामातून गेलेले होते. आश्चर्य असे, की एवढे शंकू गमावूनही त्याची नजर तीक्ष्ण होती. शंकूंचा एक अख्खा वर्ग नाहीसा होऊन रंगांधळेपण येते, ही कल्पना अशा हानीने नजर बिघडलीच पाहिजे या युक्तिवादावर पूर्वी बाजूला सारली गेली होती. वैद्यांच्या तक्त्यापुढे शेवटची ओळ वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात मोठी पडझड लपलेली असू शकते, हे आता चित्राने दाखवून दिले.

दुर्मीळ विकारांच्या क्षेत्रात या तंत्राचा उपयोग सुरू झाला तो याच बळावर. १९७३ मध्ये नेदरलँड्समधील फान लिट यांनी एका विचित्र अवस्थेचे वर्णन केले होते. नजर मंद, शंकूंचा विद्युत्प्रतिसाद क्षीण, आणि रंग मात्र जवळजवळ नीट कळतात. शंकू मुळात कमी असावेत, पण जे आहेत ते धड असावेत, असा तर्क झाला. तो तर्कच राहिला; कारण शंकू मोजणार कोण? २०११ मध्ये लंडनचे मायकेलाइडिस, कॅरोल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या दृष्टिपटलातील शंकूंची विरळ झालेली वीण प्रत्यक्ष दाखवली. त्याआधी २००६ मध्ये शंकू-दंड ऱ्हासाच्या एका रुग्णाचे आणि २००७ मध्ये जॅकलिन डंकन, रुर्डा व सहकाऱ्यांनी आनुवंशिक दृष्टिपटलऱ्हासाच्या अनेक रुग्णांचे असे चित्रण प्रसिद्ध केले होते. रेटिनायटिस पिग्मेंटोजासारख्या रोगात रातांधळेपणापासून सुरुवात होऊन नजरेचे वर्तुळ वर्षानुवर्षे आक्रसत जाते. इतक्या सावकाश चालणाऱ्या रोगात औषधाचा गुण आला की नाही हे एकदोन वर्षांत कसे कळावे? येथे तोच डोळा, तीच जागा आणि तेच शंकू पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागले.

२०११ मध्ये डंकन आणि रुर्डा यांच्या गटाने अगदी थोड्या रुग्णांचा असा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांच्या एका डोळ्यात सीएनटीएफ हे चेतापेशींना आधार देणारे प्रथिन झिरपवणारी कुपी बसवली होती, दुसऱ्या डोळ्यात नुसती नक्कल-शस्त्रक्रिया केली होती. नजरेच्या नेहमीच्या चाचण्यांत दोन डोळ्यांत फरक दिसला नाही; शंकूंच्या मोजणीत दिसला. उपचार केलेल्या डोळ्यात शंकू कमी वेगाने घटत होते. रेटिनायटिस पिग्मेंटोजाच्या मोठ्या चाचण्यांत या कुपीने दृष्टीचा लाभ सिद्ध केला नाही. परंतु मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया या मध्यदृष्टीच्या दुर्मीळ रोगाच्या दुसऱ्या प्रकारासाठी तिला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. ती देताना मुख्य निकष धरला होता तो प्रकाशग्राही पेशींच्या थराची झीज किती मंदावली हा, आणि ही झीज ओसीटी या सर्वत्र रुळलेल्या चित्रणतंत्राने मोजली होती. तक्त्यावरची अक्षरे वाचता येण्याआधीच पेशी वाचल्या का ते पाहावे, हा विचार अशा रीतीने प्रयोगशाळेतून औषधाच्या मान्यतेपर्यंत पोचला.

येथवर ही कथा सरळ आहे: साधन सुधारले आणि दिसू लागले. तिला वळण मिळते ते चित्रातील काळ्या जागांपाशी. शंकू चित्रात ठिपक्यासारखा का दिसतो? १९३३ मध्ये स्टाइल्स आणि क्रॉफर्ड यांना आढळले होते, की बाहुलीच्या मध्यातून आलेला प्रकाश कडेने आलेल्या प्रकाशापेक्षा अधिक परिणाम करतो. शंकू ही बाहुलीकडे तोंड करून उभी असलेली बारीक नळीच आहे. नळीत शिरलेल्या प्रकाशाचा थोडा अंश तिच्याच वाटेने परत येतो आणि चित्रात ठिपका उमटतो. म्हणजे हा ठिपका पेशीचे चित्र नसून तिच्या परावर्तनाची खूण आहे. शंकू मेला तर ठिपका जातो हे खरे. पण शंकू कलला, किंवा त्याचे बाहेरचे टोक विस्कटले, तरीही ठिपका जातो. एवढेच काय, निरोगी डोळ्यातील एकच शंकू कधी उजळ तर कधी मंद दिसतो, हे २००३ मध्येच आढळले होते.

आपल्याकडील दर्शनकारांनी या पेचाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. कुमारिलभट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही असे आपण जाणतो. नैयायिकांनी त्याला वेगळे प्रमाण मानले नाही. पण एक अट उभयपक्षी मान्य होती. वस्तू तेथे असती तर ती दिसण्याजोगी असती, अशी परिस्थिती हवी. भर उजेडात घट न दिसणे हा घटाच्या अभावाचा पुरावा आहे. काळोखात तो न दिसणे हा कशाचाच पुरावा नाही. शंकूंच्या चित्रातील काळी जागा उजेडातली की काळोखातली, हा प्रश्न आधुनिक नेत्रविज्ञानाला वेगळ्या भाषेत, पण त्याच नेमकेपणाने सोडवावा लागला.

त्याची खरी कसोटी लागली अ‍ॅक्रोमॅटॉप्सियात. सुमारे तीस हजारांत एखाद्याला होणाऱ्या या जन्मजात विकारात शंकू काम करत नाहीत. रंग मुळीच कळत नाहीत, नजर मंद असते, बुबुळे थरथरतात आणि दिवसाचा उजेड सोसवत नाही. प्रशांत महासागरातील पिंगेलाप या प्रवाळबेटावर १७७५ च्या सुमारास आलेल्या वादळानंतर जेमतेम वीस माणसे उरली. त्यांच्या वंशजांत आज वीस जणांमागे निदान एकाला हा विकार असतो. तेथील भाषेत त्याला ‘मस्कुन’ म्हणतात. अर्थ ‘न दिसणे’. ऑलिव्हर सॅक्स यांनी या बेटावर पुस्तक लिहिले. त्यांच्याबरोबर गेलेले नॉर्वेचे दृष्टिशास्त्रज्ञ क्नुट नोर्डबी यांना स्वतःलाच हा विकार होता. आपल्या दृष्टीची मोजमापे घेऊन त्यांनी ती शास्त्रापुढे ठेवली होती. २००० मध्ये पिंगेलापच्या विकाराचे मूळ सीएनजीबी-३ या जनुकात सापडले. शंकूत प्रकाशाचे विद्युत्संदेशात रूपांतर होताना जे द्वार लागते, त्याचा एक भाग हे जनुक घडवते.

दोष एका जनुकात असेल तर धड जनुक पोचवून शंकू जागे करता येतील, ही आशा साहजिक होती. पण त्याआधी शंकू शिल्लक तरी आहेत का? आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सच्या चित्रात या रुग्णांच्या दृष्टिपटलाच्या मध्यावर ठिकठिकाणी काळ्या जागा दिसत. त्या पाहून शंकू संपलेले आहेत, असे कोणी म्हटले असते तर त्याला तेव्हाच्या उपकरणाचा आधार होता. २०१४ मध्ये मिलवॉकी येथील ड्रू स्कोल्स, आल्फ्रेडो दुब्रा, कॅरोल आणि सहकाऱ्यांनी रीत बदलली. नळीच्या वाटेने थेट परतणारा प्रकाश त्यांनी बाजूला ठेवला आणि इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश दोन अर्ध्यांत वाटून त्यांतील फरकाचे चित्र केले. सकाळच्या तिरप्या उन्हात शेतातील ढेकळे उठून दिसावीत, तसे शंकूंचे आतले भाग त्या चित्रात उठून दिसले. ज्या जागा काळ्या होत्या तेथेही शंकू होते. मृतांच्या डोळ्यांत शंकू मोजणाऱ्या कुर्सियो या शोधनिबंधाच्या लेखकांत होत्या. त्यानंतर २०१६ मध्ये सीएनजीबी-३ च्या रुग्णांची मोजणी झाली. मध्यावरील शंकूंची घनता प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ७ हजारांपासून ५३ हजारांपर्यंत आढळली. निरोगी डोळ्याच्या मानाने ती फार कमी होती. पण शून्य नव्हती, आणि एका रुग्णाचा आकडा पाहून दुसऱ्याचा सांगता येत नव्हता.

मॅक्युलर टेलँजिएक्टेशियातही असाच अनुभव आला. २०१५ मध्ये रुर्डा, डंकन आणि सहकाऱ्यांनी या रोगातील काळ्या दिसणाऱ्या जागांवर नेमका प्रकाशबिंदू टाकून रुग्णाला तो दिसतो का, असे विचारले. काही ठिकाणी तो दिसत होता. काही ठिकाणी कालांतराने हरवलेले शंकू चित्रात पुन्हा दिसू लागले. यंत्र ‘नाही’ म्हणत होते आणि रुग्ण ‘आहे’ म्हणत होता. येथे रुग्णाची साक्ष यंत्राच्या साक्षीइतकीच ग्राह्य ठरली, हे आम्हाला या साऱ्या इतिहासातील महत्त्वाचे पाऊल वाटते.

याचा अर्थ उरलेले शंकू म्हणजे हमखास बरे होणे, असा कोणी घेऊ नये. सीएनजीए-३ या भगिनी-जनुकातील दोषासाठी जर्मनीत नऊ प्रौढ रुग्णांवर झालेल्या जनुकोपचाराचा पहिला अहवाल २०२० मध्ये आला. उपचार सुरक्षित ठरला, सुधारणा माफक होती. २०२३ मध्ये जेरुसलेममधील संशोधकांनी अशा उपचारानंतर काही रुग्णांना लाल वस्तू काळसर पार्श्वभूमीवर पूर्वीपेक्षा वेगळी, उठून दिसू लागल्याचे नोंदवले. तथापि रंग जसे इतरांना दिसतात तसे त्यांना दिसत नव्हते. जन्मापासून शंकूंचा संदेश न मिळालेला मेंदू प्रौढपणी तो कितपत वाचू शकतो, हा प्रश्न शंकूंच्या मोजणीपलीकडचा आहे.

तंत्रालाही मर्यादा आहेत. एका वेळी दृष्टिपटलाचा एखाद-दुसरा अंश, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा तुकडा, टिपता येतो. रुग्णाला नजर स्थिर ठेवावी लागते. ज्यांची बुबुळे थरथरतात किंवा ज्यांना मोतीबिंदू आहे, त्यांची चित्रे बिघडतात. म्हणजे ज्यांना या तपासणीची अधिक गरज, तेच बहुधा तिच्यातून गळतात. यंत्रे महाग आहेत, चित्रे जुळवून शंकू मोजणे वेळखाऊ आहे आणि हे काम आजही मुख्यतः संशोधनसंस्थांत चालते. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, घरात दोघा-तिघांना रातांधळेपणा असलेल्या कुटुंबापर्यंत ते पोचलेले नाही.

तरीही अशा कुटुंबाशी या इतिहासाचा संबंध आहे. तपासणीच्या कागदावर ‘काही शिल्लक नाही’ असे लिहिले जाते, तेव्हा त्या वाक्यात एक अट अध्याहृत असते: या साधनाने, आज, या जागी पाहिले असता. अट गाळली की वाक्य निकाल बनते, आणि निकाल लागलेला रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. डाल्टन यांनी चुकीच्या जागी कारण शोधले; पण आपले अनुमान तपासायची सोयही त्यांनी करून ठेवली आणि डोळे पुढच्यांसाठी मागे ठेवले. वैद्याने रुग्णाच्या कागदावर ती अध्याहृत अट एका ओळीत लिहिली, तरी पुढे नवे साधन हाती आल्यावर त्या रुग्णाला परत बोलवायला कारण उरेल.